रेघ कोणी ओढली? न्यू जर्सीच्या व्हेरिअन्स-कलमावरील भाष्य

न्यू जर्सी राज्याचा 'म्युनिसिपल लँड यूज लॉ' १९७५ साली संमत झाला. त्याच्या सत्तराव्या कलमातले 'सी' पोटकलम फार मोठे नाही. पण ओढ्याकाठच्या, चढउताराच्या किंवा वेड्यावाकड्या जमिनीवर घरांचे प्लॉट पाडायचे ठरले की गावच्या बोर्डासमोरचा सगळा वाद याच थोड्या ओळींभोवती फिरतो. झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचे हे ठरवणाऱ्या गावच्या नियमातून एखाद्या जमिनीपुरती जी सूट मिळते तिला तिथे व्हेरिअन्स म्हणतात. ही सूट देणे-नाकारणे राज्य सरकारच्या हाती नसते. गावातल्याच नागरिकांचे बोर्ड उघड सुनावणी घेते, शपथेवर साक्षी ऐकते, शेजाऱ्यांना उलटतपासणी करू देते आणि मग मत टाकते. जमिनीपासून दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला निदान दहा दिवस आधी नोटीस जावी लागते. मिडलसेक्स काउंटीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती अशी नोटीस पडली, तर पुढचे भाष्य त्यांच्या कामाचे आहे.

कलमाचे कूळ थोडक्यात सांगतो. हर्बर्ट हूवर अमेरिकेचे वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी झोनिंगचा एक नमुना-कायदा छापला. त्याची सुधारित आवृत्ती १९२६ ची. नियम शब्दशः लावल्याने 'अनावश्यक त्रास' होत असेल तर सूट द्यावी, मात्र नियमाचा आत्मा राखावा, असे त्यात एकाच लांबलचक वाक्यात म्हटले होते. शिवाय पाच सदस्यांपैकी चार जणांचे एकमत असल्याशिवाय सूट नाही, अशी अटही होती. न्यू जर्सीत झोनिंगच न्यायालयात टिकेना, म्हणून १९२७ मध्ये राज्यघटना दुरुस्त करावी लागली. इतक्या कष्टाने मिळवलेला अधिकार सवलतींच्या वाटेने झिरपून जाऊ नये याची धास्ती पुढच्या कायद्याच्या शब्दरचनेत दिसते. नमुन्यातले एक वाक्य न्यू जर्सीने फोडून त्याच्या अनेक फांद्या केल्या.

भाष्याला जमीन हवी, म्हणून एक कल्पू. समजा, रस्त्यालगत ५३० फूट रुंद आणि सुमारे ३३० फूट खोल असा चार एकरांहून किंचित मोठा तुकडा आहे. मागून ओढा वाहतो. ओढ्याची पाणथळ आणि तिच्याभोवतीचा राखीव पट्टा मिळून मागचे १८० फूट बांधकामाला निरुपयोगी झाले आहेत. झोनचा नियम असा: प्लॉट किमान अर्ध्या एकराचा, रस्त्याकडची रुंदी १०० फूट, समोरचा सेटबॅक, म्हणजे रस्ता आणि घर यांमध्ये सोडायची जागा, ४० फूट. पाच प्लॉट बिनबोभाट बसतात. अर्जदाराला सहा हवेत, म्हणून प्रत्येकाची रुंदी ८८ फूट आणि सेटबॅक २५ फूट मागितला आहे. क्षेत्रफळ सहाही प्लॉटना पुरते, कारण या कल्पित गावाचा नियम पाणथळीखालची जमीनही मोजणीत धरतो.

आता ओळी. मराठी मांडणी माझी आहे.

"एखाद्या विशिष्ट जमिनीची अपवादात्मक कमी रुंदी, कमी खोली किंवा आकार यांमुळे…"

सगळा निवाडा 'विशिष्ट जमीन' या दोन शब्दांत आहे. कोणती जमीन? अर्जदाराचा तज्ज्ञ नकाशा लावून सांगतो की चार नंबरचा प्लॉट केवळ ८८ फुटी आहे, शंभर फुटांचा नियम त्याला लावणे म्हणजे त्यावर घरच बांधू न देणे. हा झाला पूर्वपक्ष, आणि भिंतीवरच्या रंगीत नकाशात तो पटण्याजोगा दिसतो. पण चार नंबरचा प्लॉट आज कुठे आहे? नकाशा मंजूर होऊन नोंदला जाईपर्यंत तो फक्त कागदावर आहे. आज अस्तित्वात असलेली विशिष्ट जमीन म्हणजे ५३० फुटांचा अखंड तुकडा, आणि तो अरुंद नाही. उद्याच्या प्लॉटचा अरुंदपणा अर्जदाराच्या पेन्सिलीतून उतरला आहे. म्हणून नव्या सबडिव्हिजनचा, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याचा अर्ज तपासताना पहिला प्रश्न असा विचारावा: रेघ कोणी ओढली?

ओढणारा आजोबा असेल, तर? असे होते. झोनिंगच्या आधी नोंदलेल्या जुन्या नकाशांवर पंचवीस-पंचवीस फुटांच्या प्लॉटांच्या रांगा सापडतात. त्यांपैकी एखादा एकाकी उरला, दोन्ही बाजूंना परक्यांची घरे उभी राहिली, तर त्याचा अरुंदपणा खरा आहे आणि ही ओळ त्याच्यासाठीच आहे. मात्र शेजारशेजारचे असे प्लॉट एकाच मालकाच्या हाती असतील तर काय, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सोडवला. जुन्या नकाशावर रेघा आहेत म्हणून ते आपोआप सुटे धरले जात नाहीत. ते एकत्र मानले जातात आणि पुन्हा वेगळे करायचे तर सबडिव्हिजनची परवानगी लागते. म्हणजे कायदा जुन्या रेघेलाही डोळे झाकून मान देत नाही, मग कालच्या रेघेला कशाला देईल?

"…किंवा केवळ त्याच जमिनीला बाधणाऱ्या भूरचनेच्या अपवादात्मक स्थितीमुळे वा भौतिक वैशिष्ट्यांमुळे…"

अडचणीच्या जमिनीची खरी ओळ हीच. उतार, खडक, ओढा, पाणथळ यांतले काहीही अर्जदाराने निर्माण केलेले नसते. आपल्या उदाहरणातला मागचा १८० फुटांचा पट्टा याच ओळीत येतो आणि इथे अर्जदाराची बाजू सबळ आहे.

ही बाजू नीट तोलायची तर पट्टा कुठून आला हे माहीत हवे. न्यू जर्सीचा गोड्या पाण्याच्या पाणथळींचा कायदा १९८७ चा. त्यात पाणथळीच्या प्रतीनुसार तिच्याभोवती ५० फुटांचा किंवा १५० फुटांचा संक्रमण-पट्टा सोडावा लागतो. उत्तम दर्जाच्या, 'कॅटेगरी वन' प्रवाहांना ३०० फुटांपर्यंतचे संरक्षण आहे. २०२१ च्या 'आयडा' वादळाने राज्यात पाणी कुठवर चढू शकते हे दाखवल्यावर २०२३ मध्ये नदी-ओढ्यांच्या पूरक्षेत्रांसाठी धरायची पूरपातळी दोन फुटांनी वाढवली गेली. या सगळ्या रेघा राज्याच्या आहेत. गावचे बोर्ड त्या एक इंचही सरकवू शकत नाही. त्याच्या हाती आहेत त्या फक्त गावच्या रेघा: रुंदी, सेटबॅक, उंची. अर्जदार दोन दगडांच्या चिमट्यात सापडतो आणि ज्या दगडावर बोर्डाचा हात पोहोचतो तोच हलवून मागतो. यात गैर काही नाही.

'केवळ त्याच जमिनीला' हे शब्द मात्र गिळून टाकता येत नाहीत. ओढा गावातल्या पन्नास मालकांच्या मागून वाहत असेल, तर सेटबॅकचा नियम ओढ्याकाठच्या सगळ्यांसाठीच चुकला आहे. त्याचा उपाय नगर परिषदेने नियम बदलणे हा आहे. बोर्डाने एकेकाला सूट देत जाणे म्हणजे निवडून न आलेल्या सदस्यांनी कायदा लिहिणे होईल. आपल्या जागेवर ओढा नेमका वळण घेतो आणि म्हणूनच तिथला पट्टा शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट रुंद होतो, असे मोजणीच्या नकाशावरून दाखवता आले तर ही अट पुरी होते. नुसते 'जागा आव्हानात्मक आहे' म्हणून भागत नाही. सुनावण्यांत हे विशेषण फार स्वस्त झाले आहे.

"…किंवा त्या जमिनीवर अथवा तिच्यावरील कायदेशीर बांधकामांवर ओढवलेल्या असाधारण परिस्थितीमुळे…"

जुने घर जागेच्या मधोमध उभे आहे, पाडणे योग्य नाही, त्याला वळसा घालून रेघ मारावी लागते, असल्या प्रसंगांसाठी ही ओळ. आपल्या तुकड्यावर घर नाही. पुढे जाऊ.

"…नियम काटेकोर लावल्यास त्या जमिनीच्या विकासकाला विशेष व व्यावहारिक अडचणी किंवा अपवादात्मक, अनाठायी त्रास होत असेल तर…"

ही ओळ दोन टोकांनी ताणली जाते. एखादा अर्जदार म्हणतो, मला मुलीच्या लग्नाला पैसे हवेत. याला जागा नाही. त्रास जमिनीचा पाहिजे, मालकाच्या संसाराचा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दुसरे टोक विरोधकांचे: जमीन पूर्णपणे निरुपयोगी झाल्याखेरीज त्रास म्हणायचाच नाही. तेही खरे नाही. नॉर्थ कॉल्डवेलमधल्या अरुंद प्लॉटवरच्या पोहण्याच्या तलावाच्या प्रकरणात, १९९९ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी वापराला अडथळा येणे पुरेसे ठरू शकते, जमीन मृत व्हायला नको. म्हणजे कसोटी मधली आहे आणि मधल्या कसोट्या लावताना पुरावा लागतो.

आपल्या अर्जाला ती लावून पाहा. शंभर फुटांचा नियम काटेकोर लावला तर काय होते? पाच घरे होतात. पाचाऐवजी सहा न होणे हा तोटा आहे, त्रास नाही. चाळीस फुटांचा सेटबॅक काटेकोर लावला तर? १५० फुटांतून ४० गेले, ११० उरले. त्यात घर, मागचा ओटा, पावसाचे पाणी जिरवायची सोय, आणि राखीव पट्ट्यापासून बांधकामाची यंत्रे फिरण्यापुरते अंतर बसवायचे. जमेल, पण ओढ्याला घासून. ही व्यावहारिक अडचण म्हणता येईल. एकाच अर्जातल्या दोन मागण्यांची उत्तरे अशी वेगळी निघतात. बोर्डे मात्र बहुधा सगळ्या मागण्यांवर एकच मत टाकतात आणि इथेच कच्चा निकाल जन्माला येतो.

जमीन विकत घेतानाच अडचण ठाऊक होती, हा आक्षेप शेजारी हमखास घेतात. न्यू जर्सीत तो फार चालत नाही. मूळ मालकाला सूट मागण्याचा हक्क असेल तर तो खरेदीदारालाही मिळतो. अडचण मूळ मालकानेच, जमिनीचा चांगला भाग विकून टाकून, निर्माण केली असेल तर ती खरेदीदाराच्याही माथी येते. शेजाऱ्याने योग्य बाजारभावाने जागा घ्यायची किंवा स्वतःची पट्टी विकायची तयारी दाखवली, तर तोही त्रास मोजण्याचा भाग होतो. १९८० च्या वेस्टफील्डच्या निकालात याची सविस्तर चर्चा आहे. तिथे एका रिकाम्या प्लॉटची रुंदी कमी होती. न्यायालयाने प्रकरण परत पाठवले, कारण बोर्डाने नकार दिला होता पण नेमकी कारणे नोंदवली नव्हती. सूट देताना जितके लिहावे लागते तितकेच नाकारतानाही.

या ओळीचा पीळ न्यू जर्सीबाहेर सर्वांत कठोरपणे कुठे दिसला असेल तर विस्कॉन्सिनमध्ये, सेंट क्रॉइ नदीकाठी. एका जोडप्याने शेजारशेजारचे दोन प्लॉट १९६० आणि १९६३ मध्ये घेतले. १९९४-९५ मध्ये ते मुलांच्या नावे झाले. मधल्या काळात नदी संरक्षणाचे नियम आले होते. प्रत्येक प्लॉटवर निदान एक एकर बांधण्याजोगी जमीन हवी, आणि एकाच मालकीचे शेजारचे अपुरे प्लॉट एकत्र धरायचे. उंच कड्यामुळे दोन्ही प्लॉटांची मिळून बांधण्याजोगी जमीन ०.९८ एकर भरली. एक प्लॉट वेगळा विकायला व्हेरिअन्स मागितला, काउंटीच्या बोर्डाने नाकारला. नुकसानभरपाईचा वाद २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आठपैकी पाच न्यायमूर्तींनी दोन प्लॉट एकच जमीन मानून कुटुंबाचा दावा फेटाळला. निकाल कोणाला रुचेल, कोणाला नाही. मला त्यातली विभाजनरेषेकडे पाहण्याची रीत महत्त्वाची वाटते. कागदावर रेघ आहे एवढ्यावर न्यायालयाने तिचा हक्क मानला नाही.

"…ती अडचण वा तो त्रास दूर व्हावा यासाठी त्या नियमाच्या काटेकोरपणातून सूट द्यावी."

तेवढीच सूट, जास्त नाही. २५ फुटांऐवजी ३० फुटांनी भागते का, हे अर्जदाराच्या इंजिनिअरला विचारलेच पाहिजे. पहिला आकडा बहुतेक वेळा घासाघीस गृहीत धरून लिहिलेला असतो.

"…किंवा नियमापासून ढळल्याने या कायद्याची उद्दिष्टे साधली जात असतील, आणि ढळण्याचे फायदे तोट्यांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त असतील तर…"

१९८४ पर्यंत ही ओळ नव्हती. त्रास दाखवता येत नसेल पण नियम मोडल्याने गावाचेच भले होत असेल, अशा जागांसाठी ती घातली गेली. तिने दार उघडले ते चांगलेच केले, पण दाराला उंबरा हवा होता. तो वॉरन टाउनशिपच्या १९८८ च्या निकालाने घातला. ते प्रकरणही एका जमिनीचे दोन कमी आकाराचे प्लॉट करण्याचेच होते. मालकाचा हेतू साधतो एवढे पुरेसे नाही, त्या जमिनीसाठी हा पर्याय गावाच्या दृष्टीने अधिक चांगला आहे हे दिसले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले.

आता सेटबॅक पाहा. घरे रस्त्याकडे पंधरा फूट सरकली तर ओढ्यापासून पंधरा फूट लांब जातात, पुराच्या पाण्याला जागा राहते, ड्राइव्हवे आखूड होतात, डांबर कमी पडते. पुरापासून सुरक्षितता आणि पर्यावरणाची जपणूक ही कायद्याच्या सुरुवातीलाच नोंदलेली उद्दिष्टे आहेत. तोटा काय? शेजारची घरे चाळीस फुटांवर आहेत, रांग मोडेल. तोटा खरा आहे, पण झाडे लावून सावरण्याजोगा. इथे पारडे झुकते आणि मी बोर्डावर असतो तर हात वर केला असता.

रुंदीचे काय? ८८ फुटांनी गावाला काय मिळते? एक जास्तीचे घर. अर्जदाराचा नियोजनतज्ज्ञ (न्यू जर्सीत या व्यवसायाला राज्याचा परवाना लागतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन असते) इथे हुशारीने मोर्चा वळवतो. म्हणतो, संपूर्ण आराखड्याकडे पाहा, आम्ही मागचे दोन एकर कायमचे मोकळे ठेवण्याचा करार नोंदवून देतो. संपूर्ण आराखड्याचे फायदे मोजायला न्यायालयांनी मुभा दिली आहे, त्यामुळे युक्तिवाद हास्यास्पद नाही. पण मागचे दोन एकर कोणते? जिथे राज्याच्या कायद्याने आधीच बांधता येत नाही तेच. जे हाती नाही ते दान केल्याचा फायदा तराजूत टाकता येत नाही. पट्ट्यापलीकडचे आणखी वीस फूट देतो, तिथे देशी झाडे लावतो म्हणाला असता तर बोलणे सुरू झाले असते.

"…परंतु 'डी' पोटकलमात सांगितलेल्या बाबींची सूट या पोटकलमाखाली देता येणार नाही."

'डी' म्हणजे जड प्रकार: जमिनीचा वापरच बदलणे, ठरलेल्या मर्यादेपलीकडची उंची, चटई क्षेत्राचे प्रमाण आणि घनता. तिथे झोनिंग बोर्डाच्या सात सदस्यांपैकी निदान पाच जणांची होकारार्थी मते लागतात. प्लॉट पाडणाऱ्यांना यातली घनतेची बाब अडवते. सुट्या, आधीच लहान असलेल्या प्लॉटवर किंवा किरकोळ सबडिव्हिजनमध्ये एक-दोन कुटुंबांच्या घराचे क्षेत्रफळ कमी पडले तर प्रश्न 'सी' मध्येच राहतो. मोठ्या सबडिव्हिजनमध्ये प्लॉट लहान करून घरे वाढवली की तो घनतेचा प्रश्न होऊन 'डी' मध्ये जातो. आपला अर्जदार क्षेत्रफळात बसतो, म्हणून वाचला. बहुधा म्हणूनच त्याने रुंदी कापली, क्षेत्रफळाला हात लावला नाही.

मुंबईच्या १९९१ च्या, २०१८ पर्यंत लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीतला ६४ (ब) हा नियम याच्या फार जवळचा होता. स्पष्ट दाखवता येणारी अडचण असेल तर कारणे लेखी नोंदवून मोजमापांत सूट देता येत असे, पण एफएसआयमध्ये, म्हणजे चटई क्षेत्राच्या प्रमाणात, नाही. घनता वेगळी काढून ठेवण्याची सावधगिरी दोन्हीकडे दिसते. पण मुंबईत निर्णय एकट्या आयुक्तांचा असे. शेजाऱ्यांना नोटीस जात नसे, आणि मोकळ्या जागेची कमतरता प्रीमियम भरून माफ होत आली आहे. न्यू जर्सीत अर्जाचे शुल्क आणि तपासणीचा खर्च भरावा लागतो, सवलतीची किंमत मात्र ठरलेली नसते. यावरून अमेरिकेतली बोर्डे देवमाणसांची असा समज करून घेऊ नये. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या बोर्डाचा ड्यूकमिनिअर आणि स्टेपलटन यांनी केलेला अभ्यास १९६२ मध्ये गाजला. त्याच्या शीर्षकातच 'कुशासन' या अर्थाचा शब्द होता.

"सार्वजनिक हिताला लक्षणीय बाधा न येता, आणि झोनच्या आराखड्याचा हेतू व उद्देश लक्षणीयरीत्या न बिघडवता सूट देता येते, हे दाखवल्याखेरीज कोणतीही सूट देऊ नये."

ही ओळ सगळ्या पोटकलमांना लागू आहे. पुराव्याचा भार अर्जदारावर आहे हे ती सांगते. शेजाऱ्यांनी बाधा सिद्ध करायची नाही, अर्जदाराने ती नाही हे दाखवायचे. पहिल्या अर्ध्या भागाची चौकशी आजूबाजूच्या घरांपुरती असते: उजेड, पाणी, वाहने. दुसरा अर्धा भाग गावाच्या आराखड्याचा आहे आणि बोर्डे तो एका वाक्यात उरकतात.

प्रत्येक अर्ज स्वतःच्या गुणांवर तपासायचा, मागचा निकाल पुढच्याला बांधत नाही, हे तत्त्व मान्य. तरी एकाच झोनमध्ये रुंदीची सूट चौथ्यांदा मागितली जात असेल तर शंभर फुटांचा नियमच तपासायला हवा. कायद्याने यासाठी सोय केली आहे. झोनिंग बोर्डाने वर्षातून एकदा आपल्या निर्णयांचा आढावा घेऊन कोणत्या नियमांतून वारंवार सूट मागितली गेली याचा अहवाल द्यायचा आणि दुरुस्त्या सुचवायच्या. पण ही सोय सबडिव्हिजनच्या बाबतीत नेमकी लंगडी पडते. 'डी' ची गरज नसेल तर सबडिव्हिजनसोबतची 'सी' ची सूट गावचे दुसरे बोर्ड, म्हणजे प्लॅनिंग बोर्डच देऊ शकते आणि वार्षिक अहवालाचे बंधन झोनिंग बोर्डावर आहे. आपल्या अर्जदाराचे ८८ फूट मंजूर झाले तर त्या अहवालात ते दिसायची सक्ती नाही. प्लॅनिंग बोर्ड गावाच्या मूळ आराखड्याची फेरतपासणी करते, तिची मुदत दहा वर्षांची आहे.